1892 ची ब्रिटिश निवडणूक आणि दादाभाईंची पाच मते: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दादाभाई नौरोजी 1892 साली ब्रिटिश पार्लमेंटवर निवडून आले, ही ओळ आपण सगळ्यांनीच शाळेत पाठ केली आहे. पण त्यांना मते दिली कोणी? ती देण्याचा अधिकार कोणाला होता आणि शेजारच्याच घरातल्या माणसाला तो का नव्हता? दादाभाईंविषयी बोलायला बसले की मला हेच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले जातात, म्हणून त्यांची उत्तरे इथे एकत्र लिहिली आहेत. तो विजय इतक्या थोड्या मतांचा होता की मतदारयादी समजल्याशिवाय तो समजतच नाही, असे माझे मत आहे.

ही निवडणूक कशाची होती?

ब्रिटनच्या कॉमन्स सभेची सार्वत्रिक निवडणूक. जागा 670. इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स आणि तेव्हा ब्रिटनचाच भाग असलेले आयर्लंड, या चौघांची मिळून. पंतप्रधान होते हुजूर पक्षाचे लॉर्ड सॉल्सबरी आणि समोर उदारमतवादी पक्षाचे 82 वर्षांचे ग्लॅडस्टन. सगळा वाद एका मुद्द्याभोवती फिरत होता, तो म्हणजे आयर्लंडला होमरूल, म्हणजे स्वतःचा कारभार पाहण्याचा हक्क, द्यायचे की नाही. हिंदुस्थानचा विषय बहुतेक मतदारसंघांत कोणी काढलाही नाही.

मत कोणाला होते?

थोडक्यात सांगायचे तर मत माणसापेक्षा घराला होते. 21 वर्षे पूर्ण झालेला पुरुष आणि ब्रिटिश प्रजाजन असणे ही पहिली अट. पण तेवढ्याने भागत नसे. त्याच्या नावावर स्वतंत्र बिऱ्हाड हवे, त्या बिऱ्हाडाची स्थानिक पट्टी भरलेली हवी आणि तिथे त्याचा मुक्काम सलग बारा महिने झालेला हवा. घर मालकीचे असले काय किंवा भाड्याचे असले काय, फरक पडत नसे.

ही व्यवस्था टप्प्याटप्प्याने आली होती. 1832 च्या सुधारणेने शहरांत वर्षाला 10 पौंड किमतीचे घर असलेल्यांना मत दिले, म्हणजे दुकानदार आणि मध्यमवर्ग आत आला. 1867 मध्ये शहरांतल्या कामगार घरधन्यांना मत मिळाले, आणि 1884 च्या कायद्याने तोच नियम खेड्यापाड्यांना लागू केल्यावर शेतमजूर आणि खाणकामगारही यादीत आले. पुढच्याच वर्षी मतदारसंघांची नव्याने आखणी होऊन बहुतेक ठिकाणी एक मतदारसंघ, एक खासदार ही पद्धत रुजली.

आता बाहेर कोण राहिले ते पाहा. बापाच्या घरात राहणारा तिशीतला कमावता मुलगा बाहेर, कारण बिऱ्हाड बापाच्या नावावर. मालकाच्या घरी राहणारा नोकर बाहेर, बराकीतला शिपाई बाहेर. गरिबांसाठीच्या सार्वजनिक निधीतून मदत घेतलेला माणूसही बाहेर. एका हिवाळ्यात काम सुटले, मुलांसाठी हात पसरावा लागला, की त्या वर्षीचे मत गेले. सरकारी औषधोपचार घेतल्यानेही मत जात असे, ते 1885 मध्ये थांबवण्यात आले. लॉर्ड मंडळींनाही कॉमन्ससाठी मत नव्हते, पण त्यांना स्वतःचे सभागृह होते, तेव्हा त्यांची कणव करायला नको.

म्हणजे एकूण किती लोक?

यादीत साधारण 60 लाखांवर नावे होती आणि लोकसंख्या पावणेचार कोटींच्या पुढे. म्हणजे सहा माणसांमागे एक मतदार. प्रौढ पुरुषांपुरते बोलायचे तर शंभरातले साठेक. ‘1884 मध्ये ब्रिटनमध्ये सर्व पुरुषांना मताधिकार मिळाला’ असे कुठे वाचलेत तर ते चूक आहे.

एका खोलीत भाड्याने राहणाऱ्याचे काय?

हा प्रश्न लंडनसाठी फार महत्त्वाचा. तिथे एका घरात चार-पाच बिऱ्हाडे असत, आपल्याकडच्या चाळीत असत तशी. त्यांतली बरीच कारागिरांची.

कायद्याने अशा भाडेकरूंना 1867 पासून एक वेगळी वाट दिली होती. खोलीचे भाडे सामानसुमान न धरता वर्षाला किमान 10 पौंडांच्या तोलाचे असले आणि माणूस त्याच खोलीत बारा महिने राहिला असला, तर तो मत मागू शकत असे. ‘मागू’ हा शब्द मी मुद्दाम वापरला आहे. घरधन्याचे नाव यादीत आपोआप येई, भाडेकरूला मात्र दरवर्षी नव्याने अर्ज करावा लागे. गेल्या वर्षी नाव होते, म्हणून यंदा असेल असे नाही. मधल्या काळात खोली बदलली तर पुन्हा पहिल्यापासून.

त्यात आणखी एक गुंता होता. घरमालक त्याच घरात राहत असेल तर तुम्ही ‘भाडेकरू’. तो दुसरीकडे राहत असेल तर तुमची खोली हेच तुमचे घर धरले जाई आणि तुम्ही ‘घरधनी’ ठरत असा. खोली तीच, भाडे तेच, पण मालक रात्री कुठे झोपतो यावर हक्काचा प्रकार बदले. यावरून न्यायालयांत खटले चालले.

यादीत नाव यायला किती वेळ लागे?

वाटतो त्यापेक्षा खूप जास्त. मुक्कामाचे बारा महिने 15 जुलैला मोजले जात. मग पॅरिश या स्थानिक विभागाचे अधिकारी याद्या करून लावत, त्यावर दावे आणि हरकती येत, पुढे सुनावण्या होत आणि नवी यादी 1 जानेवारीपासून लागू होई.

समजा एखादा घड्याळजी ऑगस्ट 1890 मध्ये नव्या घरात राहायला आला. 15 जुलै 1891 ला त्याचे अकराच महिने भरतात, म्हणून 1892 च्या यादीत तो नाही. पुढच्या जुलैत तो पात्र ठरतो, पण ती यादी लागू होणार 1 जानेवारी 1893 ला. म्हणजे जुलै 1892 मध्ये मतदान झाले तेव्हा जवळपास दोन वर्षे तिथे राहूनही त्याला मत नाही. कामाच्या मागे घर बदलणाऱ्या माणसाला हा नियम सर्वात जास्त नडला. कायद्याने कामगाराला मत दिले हे खरे, पण ते त्याच्या हाती पडेपर्यंत त्याचा पत्ता बदललेला असे.

त्या सुनावण्यांत काय व्हायचे?

दर शरद ऋतूत नेमलेले बॅरिस्टर गावोगाव आणि वॉर्डावॉर्डांत बसून याद्या तपासत. त्यांच्यासमोर दोन्ही पक्षांचे एजंट उभे. आपल्या बाजूचा वाटणाऱ्या माणसाचा दावा लावून धरायचा आणि दुसऱ्याच्या बाजूचा वाटणाऱ्यावर हरकत घ्यायची, हे त्यांचे काम. नाव चुकीचे लिहिले गेले, खोलीचे वर्णन अपुरे, पट्टी उशिरा भरली, मध्येच मदत घेतली, अशा कारणांवरून नावे उडत. हरकत आली की दावेदाराला कामाचा दिवस बुडवून हजर व्हावे लागे किंवा कोणाला तरी आपली बाजू मांडायला सांगावे लागे. रोजंदारीच्या माणसाला एका दिवसाची मजुरी म्हणजे काय, हे सांगायला नको.

निवडणुकीचे भाषण, मिरवणूक, झेंडे हे सगळे नंतरचे. निम्मी लढाई या खोल्यांमध्ये, मतदानाच्या आधी नऊ-दहा महिने उरकलेली असे. दादाभाईंच्या विजयाचे अंतर माहीत असलेल्या माणसाने या खोल्यांकडे दुर्लक्ष करू नये.

एकाच माणसाला अनेक मते देता येत होती, हे खरे का?

हो. एका मतदारसंघात घर, दुसरीकडे कारखाना किंवा दुकान, तिसरीकडे जमीन असली तर तिन्ही ठिकाणी मत. ऑक्सफर्ड, केंब्रिज अशा विद्यापीठांचे स्वतंत्र खासदार होते, म्हणून पदवीधरांना तिथले मत वेगळे. मतदान सगळीकडे एका दिवशी नसे. 1892 मध्ये ते 4 ते 26 जुलै असे तीन आठवड्यांहून जास्त चालले. त्यामुळे आगगाडी पकडून गावोगाव जाऊन मत टाकणे सहज जमत असे. वर ज्याचे एक मतही उडवले गेले तो कामगार आणि हा जमीनदार, दोघे एकाच कायद्याखाली मतदार होते.

बायकांना काहीच अधिकार नव्हता का?

पार्लमेंटसाठी नव्हता. स्वतःच्या नावावर घर असलेली, पट्टी भरणारी विधवा किंवा अविवाहित स्त्री 1869 पासून नगरपालिकेसाठी मत देऊ शकत होती. तेच घर, तीच पट्टी, पण पार्लमेंटच्या यादीत तिचे नाव नाही.

तरीही निवडणुका बायकांनीच चालवल्या असे म्हटले तर फार चूक होणार नाही. 1883 च्या कायद्याने पैसे देऊन प्रचारक ठेवायला बंदी घातली. मग घरोघर जाऊन मतदारांना भेटणारी बिनपगारी माणसे कुठून आणायची? हुजूर पक्षाच्या प्रिमरोझ लीगमधल्या आणि उदारमतवादी पक्षाच्या महिला संघटनांमधल्या स्त्रियांनी ते काम उचलले. दादाभाई स्वतः स्त्रियांच्या मताधिकाराच्या बाजूचे होते आणि तसे जाहीरपणे सांगत. मुंबईत तरुणपणी मुलींच्या शाळांसाठी झटलेल्या माणसाकडून दुसरे काय अपेक्षित असणार!

मतदान गुप्त होते का? पैसे वाटले जात का?

1872 पासून गुप्त. त्याआधी मतदार सगळ्यांसमोर उमेदवाराचे नाव उच्चारत असे, ऐकायला जमीनदार किंवा मालक उभाच असे आणि दिलेली मते पुढे छापूनही निघत. गुप्त पद्धतीची पहिली पोटनिवडणूक ऑगस्ट 1872 मध्ये पाँटफ्रॅक्ट गावी झाली. तिथल्या मतपेटीवरच्या लाखेवर ज्येष्ठमधाच्या वड्या करणाऱ्या कारखान्याचा ठसा मारला होता. ती पेटी आजही जपून ठेवलेली आहे.

लाच आणि दारू यांना खरा आळा बसला तो 1883 च्या कायद्याने. उमेदवाराच्या खर्चावर मर्यादा आली. मतदारांना नेण्यासाठी गाड्या भाड्याने घेणे आणि दारूच्या गुत्त्यात प्रचार कचेरी थाटणे बंद झाले. तरीही उमेदवारी गरिबाची नव्हती, कारण निवडणूक अधिकाऱ्याचा खर्च उमेदवारांनीच सोसायचा होता आणि खासदारांना 1911 पर्यंत पगारच नव्हता.

मग हिंदुस्थानातला माणूस तिथे उभा कसा राहू शकला?

कायद्यात रंगाची किंवा जन्मस्थानाची अट नव्हती. मुंबईत जन्मलेला माणूस राणीचा प्रजाजन होता, तेवढे पुरेसे होते. लंडनला जन्मलेल्या पण बापाच्या घरी राहणाऱ्या इंग्रज तरुणाला मत नाही, आणि मुंबईचा पारशी गृहस्थ थेट उमेदवार. ही त्या कायद्याची उलटसुलट बाजू दादाभाईंनी नीट हेरली होती.

ते पहिलेच नव्हते. बंगालचे लालमोहन घोष 1885 मध्ये डेप्टफर्डमधून लढून हरले होते. त्याच वर्षी निवडणुकीच्या तोंडावर नारायण गणेश चंदावरकर मुंबईचे प्रतिनिधी म्हणून इंग्लंडात गेले. कलकत्त्याचे मनमोहन घोष आणि मद्रासचे रामस्वामी मुदलियार सोबत होते. ब्रिटिश मतदारांसमोर उभे राहून हिंदुस्थानची गाऱ्हाणी सांगायची, हे त्यांचे काम. हिंदुस्थानचा कारभार ज्या सभागृहाच्या हाती, त्याचे मतदार तरी आपल्याला ओळखोत, असा तो विचार होता.

दादाभाई स्वतः 1886 मध्ये हॉबर्नमधून उभे राहिले आणि सपाटून पडले. त्यांना 1,950 मते, हुजूर पक्षाच्या कर्नल डंकन यांना 3,651.

सॉल्सबरी त्यांच्याविषयी काय बोलले होते?

नोव्हेंबर 1888 मध्ये एडिंबरोच्या सभेत त्या हॉबर्नच्या निवडणुकीचा विषय निघाला. डंकन यांच्यासमोर ‘काळा माणूस’ उभा होता आणि एखादा ब्रिटिश मतदारसंघ काळ्या माणसाला निवडून देईल इतके आपण अजून पुढे गेलेलो नाही, अशा अर्थाचे उद्गार पंतप्रधानांनी काढले. टाळ्याही पडल्या.

पण त्या उद्गारांनी दादाभाईंना जितकी प्रसिद्धी दिली तितकी त्यांच्या दहा वर्षांच्या व्याख्यानांनी दिली नव्हती. वृत्तपत्रांत गदारोळ झाला. जानेवारी 1889 मध्ये लंडनच्या नॅशनल लिबरल क्लबात त्यांच्या सन्मानार्थ मेजवानी झाली. लंडनमधल्या सेंट्रल फिन्सबरी मतदारसंघाची उदारमतवादी पक्षाची उमेदवारी त्यांना आधीच, 1888 च्या उन्हाळ्यात मिळाली होती, पण पक्षातल्याच काहींना ती मान्य नव्हती आणि तो वाद जवळपास निवडणुकीपर्यंत धुमसत राहिला. त्या चार वर्षांत त्यांनी दाखवलेली चिकाटी मला त्यांच्या विजयापेक्षाही मोठी वाटते.

सेंट्रल फिन्सबरीचे मतदार कोण होते?

मुख्यतः क्लर्कनवेल भागातले. घड्याळे जुळवणारे, दागिने घडवणारे, छापखान्यात काम करणारे कारागीर आणि छोटे दुकानदार. समोर उभे असलेले हुजूर पक्षाचे कॅप्टन पेंटन तिथल्या जमीनदार घराण्यातले. शेजारच्या पेंटनव्हिल भागाला त्या घराण्याचेच नाव आहे. ज्या भागाला उमेदवाराच्या पूर्वजांचे नाव, तिथे मुंबईहून आलेले 66 वर्षांचे गणिताचे माजी प्राध्यापक आयर्लंडच्या होमरूलविषयी आणि कामगारांच्या प्रश्नांविषयी दारोदार बोलत होते.

विजय तीन मतांचा की पाच मतांचा?

दोन्ही आकडे छापलेले सापडतात आणि दोन्हींना आधार आहे. पहिल्या मोजणीत तीन मतांचे अंतर निघाले, फेरमोजणीत पाच. दोघांनाही तीन हजारांच्या जरा खाली मते होती. नौरोजी हे नाव जिभेवर न बसणाऱ्या लंडनकरांनी त्याचे ‘नॅरो-मेजॉरिटी’, म्हणजे काठावरचे बहुमत, असे करून टाकले.

आता वरच्या त्या सुनावण्यांच्या खोल्या आठवा. आदल्या शरदात हरकतीवर टिकलेले किंवा उडालेले तीन ते पाच भाडेकरू एवढेच ते अंतर.

ते पहिले भारतीय खासदार का?

बहुतेक जण हो म्हणतात आणि मीही म्हणतो, पण एक नाव सांगायलाच हवे. सरधन्याच्या बेगम समरूचे वारस डेव्हिड डाइस सोम्ब्रे 1841 मध्ये सडबरीतून निवडून आले होते. त्यांचा वंश मिश्र, युरोपीय आणि भारतीय. लाचलुचपतीच्या कारणावरून 1842 मध्ये ती निवडणूकच रद्द झाली आणि पुढे सडबरीने आपला प्रतिनिधित्वाचा हक्कही गमावला. हिंदुस्थानची बाजू मांडण्यासाठी सभागृहात गेलेले पहिले, असे म्हटले तर मात्र दादाभाईंच्या नावावर वाद उरत नाही.

शपथ त्यांनी कशी घेतली?

बायबलवर हात ठेवायला त्यांनी नकार दिला आणि खोर्देह अवेस्ता हा पारशांचा प्रार्थनाग्रंथ हातात घेऊन देवाच्या नावाने शपथ घेतली.

एकूण निकाल काय लागला?

कोणालाच स्पष्ट बहुमत नाही. सॉल्सबरींची आघाडी ग्लॅडस्टन यांच्या पक्षापेक्षा मोठी ठरली, पण 81 आयरिश राष्ट्रवादी सदस्य ग्लॅडस्टनच्या बाजूला होते. 11 ऑगस्टला सरकार 350 विरुद्ध 310 असे पडले आणि ग्लॅडस्टन चौथ्यांदा पंतप्रधान झाले. त्यापूर्वी दोनच दिवस, 9 ऑगस्टला, दादाभाईंचे सभागृहातले पहिले भाषण झाले होते. वेस्ट हॅम साउथमधून एकेकाळचे खाणकामगार केअर हार्डीही याच निवडणुकीत निवडून आले. पुढच्या वर्षी होमरूलचे विधेयक कॉमन्सने मंजूर केले आणि लॉर्ड्सनी 419 विरुद्ध 41 मतांनी फेटाळले.

त्याच वर्षी मुंबईत कोणाला मत होते?

मुंबई महापालिकेसाठी पट्टी भरणाऱ्यांना 1872 च्या कायद्यापासून मत होते. विधिमंडळासाठी जवळजवळ कोणालाच नाही. 1892 च्या कौन्सिल कायद्यात ‘निवडणूक’ हा शब्दही टाळला होता. महापालिका, विद्यापीठ अशा संस्थांनी नावे सुचवायची आणि सरकारने नेमायचे. याच वाटेने पुढे फिरोजशहा मेहता आणि 1895 मध्ये लोकमान्य टिळक मुंबईच्या कौन्सिलात गेले. दादाभाई स्वतः 1885 मध्ये मुंबईच्या कौन्सिलात बसले होते ते गव्हर्नरने नेमले म्हणून. सात वर्षांनी लंडनमध्ये ते बसले कारागिरांच्या मतांवर.

निवडून येऊन त्यांनी काय मिळवले?

2 जून 1893 रोजी सनदी परीक्षा लंडनबरोबरच हिंदुस्थानातही घ्यावी असा ठराव कॉमन्समध्ये 84 विरुद्ध 76 मतांनी मंजूर झाला. ठराव मांडणारे हर्बर्ट पॉल होते, त्यामागची मेहनत दादाभाईंची. सरकारने तो अमलात आणला नाही. 1895 मध्ये हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करायला वेल्बी आयोग नेमला गेला आणि दादाभाई त्याचे सदस्य झाले. त्याच आयोगापुढे 1897 मध्ये गोपाळ कृष्ण गोखल्यांची साक्ष झाली. तेव्हा ते तिशीतले फर्ग्युसनचे प्राध्यापक होते.

1895 मध्ये ते का हरले?

देशभर उदारमतवाद्यांची पीछेहाट झाली आणि ज्या जागेवर पाच मतांचाच आधार होता ती टिकणे अवघडच होते. त्याच निवडणुकीत मुंबईचेच मंचरजी भावनगरी हुजूर पक्षातर्फे बेथनल ग्रीनमधून निवडून आले.

घराला मत ही पद्धत कधी संपली?

फेब्रुवारी 1918 च्या कायद्याने 21 वर्षांवरच्या पुरुषांना घर-पट्टीची अट न घालता मत मिळाले आणि 30 वर्षांवरच्या अनेक स्त्रियांनाही. स्त्री-पुरुषांना समान अट व्हायला 1928 उजाडले. दादाभाईंचे निधन मुंबईत 30 जून 1917 रोजी झाले होते. डिसेंबर 1918 मध्ये क्लर्कनवेलच्या घड्याळजीच्या घरातला धाकटा मुलगा, बापाच्याच छपराखाली राहून, पहिल्यांदा मत द्यायला गेला, आणि तीस ओलांडलेली त्याची आईसुद्धा.